टेबलावरची गाडी, एक दोरा आणि पाचची आठ नाणी: बल आणि गती घरच्या घरी मोजायची रीत

बल म्हणजे ओढणं किंवा ढकलणं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. गाडं अडतं त्याच्या पुढे. हातगाडी ढकलत राहिलं तर चालते, हात काढला की थांबते. सायकलचं पॅडल सोडलं की ती मंदावते. या रोजच्या अनुभवातून मनात पक्कं बसतं की वेग टिकवायला बल लागतं. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला ‘गतीचे नियम’ हा पाठ याच्या नेमकं उलट सांगतो: वेग टिकवायला बल लागत नाही, वेग बदलायला लागतं. मुलं हे वाक्य पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि मनात हातगाडीच राहते. नुसतं समजावून ही समजूत जात नाही. ती जाते गाडीला दोरा बांधून, वेळ मोजून, आकडे स्वतः मांडल्यावर. त्यासाठी लागणारं सामान घरात किंवा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, आणि एक निवांत दुपार पुरते.

आधी कागदावर बाण

प्रयोगाला हात लावण्याआधी एक सवय लावून घ्या. ज्या वस्तूबद्दल बोलायचं ती एकटी कागदावर ठिपका म्हणून काढा आणि तिच्यावर लागणारं प्रत्येक बल एकेका बाणाने दाखवा. प्रत्येक बाणाला एकच प्रश्न विचारायचा: हे बल कोण लावतंय? उत्तरात एखादी खरीखुरी वस्तू आली तरच बाण राहील: दोरा, फळी, पृथ्वी, हवा. उत्तर सापडलं नाही तर बाण खोडा.

टेबलावर दोऱ्याने ओढल्या जाणाऱ्या गाडीवर चार बाण येतात. पृथ्वी खाली ओढते, फळी वर रेटते, दोरा पुढे ओढतो, घर्षण मागे ओढतं. बहुतेक मुलं पाचवा बाण काढतात, पुढच्या दिशेने, आणि त्याला ‘गतीचं बल’ म्हणतात. ते कोण लावतंय असं विचारलं की उत्तर येत नाही. हा पाचवा बाण खोडता आला की अर्धा पाठ कळला असं समजा. उरलेल्या बाणांची बेरीज, म्हणजे निष्पन्न बल, शून्य असेल तर वेग आहे तसा राहतो. शून्य नसेल तर त्या दिशेला त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल, येतं, आणि ते किती हे बलावर आणि वस्तुमानावर ठरतं. न्यूटनने १६८७ साली हे पहिला आणि दुसरा नियम म्हणून मांडलं. आपल्याला ते नाण्यांनी तपासायचं आहे.

सामान

गाडी निवडताना सगळ्यात जास्त चूक होते. मागे ओढून सोडली की पळणारी गाडी घेऊ नका, तिच्या आत स्प्रिंग असते. जमिनीवर घासून सोडली की घूं-घूं करत जाणारीही नको. तिच्या आत एक जड चकती दातेरी चाकांनी जोरात फिरते आणि त्या चकतीला फिरवण्यातच दोऱ्याचं बरंच बल खर्ची पडतं. काट्यावर ३०० ग्रॅम दिसणारी गाडी दोऱ्याला कित्येक पट जड लागते. चाकं मोकळी असलेली, पाठीवर वजन ठेवता येईल अशी साधी ट्रकची गाडी घ्या. उलटी धरून चाकाला टिचकी मारा: चाक तीन-चार सेकंद तरी फिरत राहिलं पाहिजे. लगेच थांबत असेल तर आसावर केस किंवा दोरा गुंडाळलेला असतो, तो चिमट्याने काढा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा.

फळी १२० सेमी लांब, वाकलेली नसलेली. सनमायका लावलेली असेल तर उत्तम. दोरा पतंगाची साधी सद्दी. मांजा नको, काचेने बोटंही कापतात आणि कप्पीही खरवडते. शिवणाचा दोरा चालतो, पण त्याला पीळ असतो आणि टांगलेली पिशवी गरगर फिरते.

कप्पीसाठी ६०८ नंबरचं बेअरिंग मागा. आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२ मिमी, जाडी ७ मिमी. नवं बेअरिंग ग्रीसने भरलेलं असतं आणि इतक्या हलक्या दोऱ्याला ते जड जातं. बाजूची झाकणं काढता येत असतील तर काढून रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, टिचकीवर सहज फिरतंय का पाहा. बेअरिंगची बाहेरची कडी सपाट असल्याने दोरा निसटतो, म्हणून इलेक्ट्रिकच्या टेपच्या २ मिमी रुंद पट्ट्या कापून दोन्ही काठांवर तीन-चार वेढे द्या. मध्ये ३ मिमीची खाच तयार होते. आत पेन्सिल घाला, ढिली बसली तर कागद गुंडाळून घट्ट करा, आणि पेन्सिल फळीच्या टोकाला अशी बांधा की बेअरिंग फळीच्या पुढे मोकळं फिरेल. बेअरिंग मिळालं नाही तर शिलाई मशीनची बॉबिन विणायच्या पोलादी सुईवर चालते, पण तिचं घर्षण जास्त. टेबलाच्या काठावरून नुसता दोरा सोडणं मात्र अजिबात नको, तिथे बलाचा मोठा भाग काठच खातो.

वजनं म्हणून पाच रुपयांची आठ नाणी, सगळी एकाच मालिकेतली. २०११ पासूनच्या मालिकेतलं नाणं ६ ग्रॅमचं, २३ मिमी व्यासाचं. २०१९ पासूनच्या मालिकेतलं ६.७४ ग्रॅमचं, २५ मिमीचं. त्याआधीचं जाडजूड पांढरं नाणं ९ ग्रॅमचं. मिसळली तर सगळे आकडे वाकडे येतात. खालचे हिशेब ६ ग्रॅमच्या नाण्याचे आहेत.

याशिवाय स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, मोजपट्टी, एक लहान हलकी प्लास्टिकची पिशवी आणि व्हिडिओ घेणारा फोन.

उतार लावून घर्षण फेडणं

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं फुकट. गाडी, तिच्यावरचं ओझं, रिकामी पिशवी आणि आठही नाणी मिळून एकूण ४०० ग्रॅम होतील असं जमवा. अशा गाडीच्या चाकांचं घर्षण सहज ०.०८ न्यूटनपर्यंत जातं. म्हणजे साधारण ८ ग्रॅम वजनाचं ओढणं, एका नाण्याहून जास्त! दोन नाणी टांगायची आणि त्यातलं सव्वा नाणं चाकांनी खायचं, अशाने कोणताही नियम दिसणार नाही.

उपाय जुना आणि सोपा आहे. फळीचं मागचं टोक थोडं उचला, कप्पीचं टोक खाली राहू द्या. उतारामुळे गुरुत्वाकर्षणाचा एक छोटा भाग गाडीला पुढे ओढतो आणि घर्षणाला पुरा पडतो. आठही नाणी गाडीत ठेवा, गाडीचा दोरा कप्पीवरून खाली सोडून त्याला रिकामी पिशवी टांगलेली असू द्या, म्हणजे तिचं वजनही इथेच हिशेबात येतं. मग गाडीला हलकी टिचकी द्या. टिचकीनंतर ती ना मंदावली पाहिजे, ना वेग घेतला पाहिजे. फळीखाली एकेक वही सरकवत जा. १२० सेमीच्या फळीला साधारण २ ते ४ सेमी उचल लागते.

डोळ्यावर विसंबू नका. फळीवर दर २० सेमीला खूण करा, व्हिडिओ घ्या आणि प्रत्येक २० सेमीला किती फ्रेम लागल्या ते मोजा. पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यात एखाद्या फ्रेमचा फरक चालेल. हे जमलं की समोर एक महत्त्वाची गोष्ट घडते आहे: निष्पन्न बल शून्य आहे आणि गाडी चालते आहे. मुलांना इथेच थांबवून कागदावरचे बाण पुन्हा काढायला लावा.

दोरा फळीला समांतर हवा. गाडीला दोरा बांधायची उंची आणि कप्पीच्या माथ्याची उंची फळीपासून सारखी ठेवा. दोरा तिरका असला तर गाडी जशी कप्पीजवळ येते तसा कोन वाढतो आणि ओढ बदलत जाते.

मोजणी

आता गाडीतली दोन नाणी काढून पिशवीत टाका. नाणी गाडीतून पिशवीत जायला हवीत, बाहेरून आणून टाकायची नाहीत. पिशवी गाडीलाही ओढते आणि स्वतःलाही खाली नेते, म्हणून हलणारं वस्तुमान दोघांचं मिळून धरायचं. नाणी गाडीतून पिशवीत हलवली की बल बदलतं आणि वस्तुमान ४०० ग्रॅमच राहतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

गाडी सोडताना हाताचा धक्का लागतो, हा हमखास दोष. गाडीच्या मागे बोटभर दोरा बांधा, तो चिमटीत धरा आणि चिमूट उघडा. सुरुवात आणि ६० सेमीची खूण यांच्यामधला वेळ मोजायचा. टेबल ७५ सेमी उंचीचं असेल तर पिशवी तेवढी खाली जाऊ शकते. खाली उशी ठेवा.

हाताने स्टॉपवॉच दाबू नका. डोळ्याने पाहून बोट दाबायला सुमारे ०.२ सेकंद जातात. एक सेकंदाच्या मोजणीत ही चूक २० टक्के, आणि त्वरणाच्या सूत्रात वेळेचा वर्ग असल्यामुळे उत्तरात जवळजवळ ४० टक्के. फोनचा साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम घेतो, म्हणजे एका फ्रेमला ०.०३३ सेकंद. स्लो मोशनमध्ये १२० फ्रेम मिळत असतील तर ०.००८. पण स्लो मोशनचा व्हिडिओ चालवताना खाली दिसणारा वेळ ताणलेला असतो, तो वापरायचा नाही. फ्रेम मोजा आणि १२० ने भागा. फोन गाडीपासून दीड मीटर लांब, फळीच्या मध्यासमोर, हलणार नाही असा ठेवा; जवळून घेतला तर टोकाच्या खुणा तिरक्या दिसतात आणि गाडी खुणेवर आली असं आधीच वाटतं.

सुरुवातीची फ्रेम ओळखणं अवघड असतं, कारण पहिल्या दहाव्या भाग सेकंदात गाडी काही मिलिमीटरच सरकते. त्यासाठी पडताळा असा: गाडी १५ सेमीच्या खुणेवरून ६० सेमीच्या खुणेवर किती वेळात जाते ते मोजा आणि दुप्पट करा. स्थिर त्वरणात पहिल्या १५ सेमीला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच पुढचे ४५ सेमी होतात. दोन्ही रीतींनी आलेले आकडे जुळले नाहीत तर सुरुवातीची फ्रेम चुकली आहे.

प्रत्येक वेळी पाच फेऱ्या घ्या, मधली किंमत धरा. त्वरण = २ × अंतर ÷ (वेळ × वेळ). नियमाप्रमाणे अपेक्षित आकडे असे येतात, गुरुत्व त्वरण ९.८ धरून (मुंबई-पुण्याकडे ते ९.७८ ते ९.७९ आहे, आपल्या मोजणीत हा फरक दिसणार नाही):

२ नाणी: बल ०.११८ न्यूटन, त्वरण ०.२९४ मी/से², ६० सेमीला २.०२ सेकंद
४ नाणी: ०.२३५ न्यूटन, ०.५८८ मी/से², १.४३ सेकंद
६ नाणी: ०.३५३ न्यूटन, ०.८८२ मी/से², १.१७ सेकंद
८ नाणी: ०.४७० न्यूटन, १.१७६ मी/से², १.०१ सेकंद

आधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. दोनाची आठ नाणी केली, बल चौपट झालं, वेळ किती होईल? बहुतेक जण ‘पाव’ म्हणतात. वेळ निम्मा होतो. बल चौपट म्हणजे त्वरण चौपट, आणि अंतर वेळेच्या वर्गाबरोबर वाढतं. वेळेकडे बघून नियम दिसत नाही, त्वरण काढलं की लगेच दिसतो. म्हणूनच नुसतं ‘जास्त वजन टांगलं की गाडी लवकर जाते’ एवढं दाखवून सोडून देऊ नये.

यानंतर गाडीवर ४०० ग्रॅमचं आणखी ओझं ठेवा, एकूण ८०० करा आणि चार नाणी टांगा. त्वरण ०.२९४, वेळ २.०२ सेकंद: पहिल्या ओळीतलाच आकडा. दुप्पट बल दुप्पट वस्तुमानाला तेवढंच त्वरण देतं. उतार पुन्हा लावावा लागत नाही, कारण वजन दुप्पट झालं तसं घर्षणही दुप्पट झालं आणि उताराची ओढही. तरी एकदा टिचकी देऊन तपासा, ओझ्याने फळी वाकते.

एकच फेरी, फ्रेम-फ्रेम करून

चार नाण्यांचा व्हिडिओ उघडा आणि ३० फ्रेमच्या हिशेबाने दर दहा फ्रेमला, म्हणजे दर तिसऱ्या भाग सेकंदाला, गाडीचं पुढचं टोक कुठे आहे ते लिहा. ३.३, १३.१, २९.४, ५२.३ सेमी. आता लागोपाठचे फरक काढा: ३.३, ९.८, १६.३, २२.९. पहिल्याने भागलं की १, ३, ५, ७ हे विषम आकडे समोर येतात. उतरणीवर गोळे सोडून गॅलिलिओने हेच प्रमाण शोधलं होतं. नाणी तीच, दोरा तोच, ओढ तीच, आणि तरी प्रत्येक टप्प्यात गाडी आधीपेक्षा जास्त अंतर कापते. बल वेग देत असतं तर हे चारही आकडे सारखे आले असते.

मग पिशवीच्या खाली स्टूल असं ठेवा की ४० सेमी उतरल्यावर ती त्यावर टेकेल. टेकल्या क्षणी दोरा ढिला पडतो, ओढ संपते. गाडी? ती थांबत नाही, मंदावतही नाही. चार नाण्यांनी तिला त्या क्षणापर्यंत सेकंदाला ६८ सेमीच्या आसपास वेग दिलेला असतो, आणि पुढे दर दहा फ्रेमला ती सुमारे २३ सेमी जात राहते, जोवर कप्पीला धडकत नाही. (कप्पीपुढे स्पंज लावा.) पहिला आणि दुसरा नियम एकाच चित्रफितीत, ५२ फ्रेमच्या आत. या प्रयोगाचा खरा गाभा हाच, इथे घाई करू नका. हीच फीत तीन-चारदा मागे-पुढे करून बघू द्या.

एक बारकावा मोठ्या मुलांसाठी. चार नाण्यांचं वजन ०.२३५ न्यूटन, पण गाडी धावत असताना दोऱ्यातला ताण ०.२२१ न्यूटनच असतो. पिशवी स्वतःही खाली त्वरण घेते आहे, म्हणजे तिच्यावरही निष्पन्न बल खालच्या दिशेला हवं, म्हणजे दोरा तिच्या वजनापेक्षा कमी ओढत असला पाहिजे. गाडी हाताने धरून ठेवली असताना ताण पूर्ण वजनाएवढा असतो. सोडताच कमी होतो.

आकडे जुळले नाहीत तर

उभ्या अक्षावर त्वरण, आडव्यावर नाण्यांची संख्या घेऊन आलेख काढा. दोष शोधायला यापेक्षा चांगलं साधन नाही. रेषा सरळ आहे पण शून्यातून न जाता आडव्या अक्षाला एका नाण्याशी छेदते, तर एका नाण्याएवढं, ०.०५९ न्यूटन, घर्षण फेडायचं राहिलं आहे: उतार कमी पडला. रेषा उभ्या अक्षाला शून्याच्या वर छेदते, तर उतार जास्त झाला किंवा सोडताना धक्का लागतो आहे. रेषा शून्यातून जाते पण चढ कमी आहे, तर वस्तुमान चुकलं. गाडीवरचं ओझं काट्यावर ठेवायला विसरलात, किंवा गाडीच्या पोटात फिरणारी चकती आहे. रेषा शेवटी वाकत असेल तर नाणी गाडीतून न काढता बाहेरून टाकली जात आहेत. एखादाच ठिपका रेषेबाहेर गेला तर त्या फेरीचा व्हिडिओ पाहा, बहुधा दोरा खाचेतून उतरून पेन्सिलीवर घासत असेल.

गाडी तिरकी जाते? फळी आडवी समतल नाही. पाण्याची बाटली आडवी ठेवून तिच्यातला बुडबुडा पाहा.

घर्षण वेगळं काढून मोजायचं

आतापर्यंत घर्षण झाकून ठेवलं. आता त्याच्याकडे वळायचं. गाडीऐवजी गुळगुळीत लाकडी ठोकळा घ्या आणि ५ न्यूटनपर्यंत मोजणारा ताणकाटा. सामानाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा इथे चालत नाही, त्याचे टप्पे फार मोठे. ताणकाटा आडवा धरायचा असल्याने शून्य आडवा धरूनच जुळवा. उभ्याने जुळवलेला काटा आडवा केला की थोडा मागे जातो.

ठोकळा आणि ओझं मिळून ३०० ग्रॅम करा. फळी आता सपाट. हळूहळू ओढा आणि काट्याकडे बघत राहा. ठोकळा जागचा हलत नाही तोवर काटा चढत जातो: ०.४, ०.७, १.० न्यूटन. म्हणजे घर्षण हा ठरलेला आकडा नव्हे, तुम्ही जेवढं ओढाल तेवढंच ते उलट ओढतं, एका मर्यादेपर्यंत. समजा १.२ न्यूटनला ठोकळा सुटला आणि सावकाश सरकताना काटा ०.९ वर टेकला. पहिलं स्थितिक घर्षणाचं टोक, दुसरं गतिक घर्षण. दोन्हींना वजनाने, २.९४ न्यूटनने, भागा: ०.४१ आणि ०.३१. दोन्ही मिळून ६०० ग्रॅम करा. काटा दुप्पट दाखवेल, भागाकार तेवढाच राहील. ठोकळा अरुंद बाजूवर ठेवा. घर्षण बदलणार नाही, आणि याचं सगळ्यांना आश्चर्य वाटतं.

दोरा किंचितही वर धरून ओढलात तर ठोकळ्याचं फळीवरचं दडपण कमी होतं आणि आकडा खोटा येतो. हातात घाम असेल तर फळीला बोटं लावू नका. आणि ‘गुळगुळीत म्हणजे कमी घर्षण’ हे प्रत्येक वेळी खरं नसतं. स्वच्छ काचेवर स्वच्छ काच सहज सरकत नाही. कॅरमच्या फळीवर बोरिक पावडर टाकतात ती दोन पृष्ठभागांमध्ये वेगळा थर आणण्यासाठी.

ताणकाटा नसेल तर फळीच काटा होते. ठोकळा फळीवर ठेवून एक टोक हळूहळू उचला. तो सुटेल त्या क्षणी थांबा आणि उंची व पाया मोजा; पाया म्हणजे जमिनीवरचं आडवं अंतर, फळीची लांबी नव्हे. १०० सेमीच्या फळीचं टोक ३७.८ सेमी वर गेलं तर पाया ९२.६ आणि भागाकार ०.४१. फळीच्या लांबीने भागलं तर ०.३८ येतं, आणि ही चूक वहीत कोणाच्या लक्षात येत नाही. टेबलाला धक्का न देता उचला: थरथरीने ठोकळा आधीच सुटतो.

हाच भागाकार, म्हणजे घर्षणाचा गुणांक, रस्त्यावर जिवाचा प्रश्न होतो. चाकं जाम करून थांबताना लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (२ × घर्षणाचा गुणांक × ९.८). ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. कोरड्या डांबरावर गुणांक ०.७ धरला तर २० मीटर, ओल्यावर ०.४ धरला तर ३५ मीटर, आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदाचे १७ मीटर वेगळे. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून निसरडा थर बनतो, तेव्हा गुणांक आणखी खाली जातो. वेग दुप्पट केला तर अंतर चौपट, हे मुलांना गाडी हातात यायच्या आधी कळायला हवं.

जोडीची बलं

दोन ताणकाटे एकमेकांत अडकवा. एक भिंतीच्या हुकाला, दुसरा हातात. ओढा: दोन्ही सारखंच दाखवतात. आता दोन मुलांच्या हातात द्या, एकाने जोरात ओढावं, दुसऱ्याने नुसतं धरावं. तरीही आकडे सारखेच. तिसऱ्या नियमात एवढंच आहे, पण एक गफलत सगळीकडे दिसते. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा वरचा रेटा यांना क्रिया-प्रतिक्रिया म्हटलं जातं. तसं नाही. ही दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, म्हणून एकमेकांना फेडतात. क्रिया-प्रतिक्रिया नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात: पृथ्वी पुस्तकाला ओढते, पुस्तक पृथ्वीला ओढतं. बाणाला ‘कोण, कोणावर’ असं दोन्ही बाजूंनी विचारलं की गफलत होत नाही.

लिफ्टमधला काटा

इमारतीत लिफ्ट असेल तर सुईचा वजनकाटा घेऊन तीत उभं राहा. डिजिटल काटा बहुधा एक आकडा पकडून गोठतो, तो इथे निरुपयोगी. ६० किलोचा माणूस वर जाताना पहिला एक-दोन सेकंद काटा ६० च्या पुढे जातो. लिफ्टचं त्वरण १ मी/से² असेल तर ६६ च्या आसपास. मग मधले सगळे मजले काटा ६० वरच. वर थांबताना ५४ कडे उतरतो. खाली जाताना क्रम उलटा. लिफ्ट वर जात असताना मध्येच काटा ६० दाखवतो तिथे बोट ठेवा, कारण ‘वर जातेय म्हणजे वरचं बल जास्त’ हा गैरसमज त्या सुईनेच जातो.

काटा नेणं शक्य नसेल तर फोनमध्ये जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप घाला आणि गुरुत्वासहित त्वरण दाखवणारा पर्याय उघडा. फोन टेबलावर निवांत पडला असताना आकडा ९.८ च्या जवळ दिसेल. फोन हललेला नाही, तरी ९.८ कसं? आतला संवेदक टेबलाचा वरचा रेटा मोजतो आहे. आता गादीवर दोन उशा ठेवा, मोजणी सुरू करा, फोन हातभर उंचीवरून आडवा सोडा. आलेखात क्षणभर रेषा शून्याला टेकते आणि मग उशीच्या धक्क्याचा उंच सुळका येतो. शून्याचा तो तुकडा किती सेकंदांचा आहे ते मोजा. ५० सेमीवरून सोडला असेल तर ०.३२ सेकंद यायला हवेत.